साल कुणी सोलली?

हरवलेला एक सुतार पक्षी शोधणाऱ्या आमच्या गटात नव्या माणसाला लगेच जंगलात नेत नाहीत. आधी त्याला एक ध्वनिमुद्रण पाठवतात आणि सांगतात, पाठ होईपर्यंत ऐक. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर ॲलन आणि पीटर पॉल केलॉग लुईझियानातल्या सिंगर ट्रॅक्ट नावाच्या जंगलात गेले होते. ध्वनिमुद्रणाची यंत्रं ट्रकभर होती आणि ट्रक चिखलात चालेना, म्हणून ती खेचरांच्या गाडीवर चढवून घरट्याच्या झाडापर्यंत नेली. त्या खटाटोपातून जे हाती आलं, ते आयव्हरी-बिल्ड वुडपेकर या सुतार पक्ष्याच्या आवाजाचं आजवरचं एकमेव निर्विवाद मुद्रण. आवाज म्हणाल तर लहान पोरानं पत्र्याच्या पिपाणीत अर्धवट फुंकर मारावी तसा. इथले लोक त्याला ‘केंट’ म्हणतात. एवढ्या रुबाबदार पक्ष्याच्या गळ्यात हे काय, म्हणून पहिल्यांदा मला हसूच आलं होतं.

मी मूळची नाशिकची. नांदूर मध्यमेश्वरच्या बदकांवर पक्षी बघायला शिकले, नोकरीनिमित्त लुईझियानात आले आणि इथल्या हिवाळ्यात शनिवार-रविवारचं करायचं काय, या प्रश्नाला हे उत्तर मिळालं. आमच्या गटाचं नाव आणि आम्ही जातो त्या जंगलाचं नाव मी लिहिणार नाही. या पक्ष्याच्या बाबतीत तसा दंडकच आहे. जागा फुटली की कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते, आणि पक्षी असलाच तरी त्या गर्दीत तो कशाला थांबेल?

पक्षी कसा होता ते आधी सांगते. ‘होता’ म्हणायचं की ‘आहे’, यावरच सगळं भांडण आहे, पण तूर्त ‘होता’ चालवून घ्या. लांबी जवळजवळ अर्धा मीटर, पंख पसरले की अडीच फूट. अंग काळं, मानेवरून पाठीवर उतरणारे दोन पांढरे पट्टे. पंखांची मागची बाजू पांढरी, त्यामुळे बसलेल्या पक्ष्याच्या पाठीचा खालचा भाग पांढराशुभ्र दिसायचा. नराचा तुरा लाल, मादीचा काळा. चोच हस्तिदंती रंगाची, त्यावरूनच नाव. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या नदीकाठच्या जुन्या जंगलांत त्याचं राज्य होतं. अलेक्झांडर विल्सन या पक्षीशास्त्रज्ञानं १८०९ मध्ये विल्मिंग्टन गावाजवळ एक जखमी नर पकडून खाणावळीच्या खोलीत ठेवला होता. तो घोडा बांधायला खाली गेला, तेवढ्यात पठ्ठ्यानं खिडकीशेजारच्या भिंतीला मोठं भगदाड पाडलं. पुढे विल्सननं त्याच्या पायाला दोरी बांधून ती टेबलाला अडकवली, तर महोगनीचं ते टेबलही निकालात काढलं. असा हा गडी.

त्याच जंगलात त्याच्यापेक्षा किंचित लहान असा पायलिएटेड वुडपेकर राहतो. तोही काळा, तोही लाल तुऱ्याचा. गोवा-कर्नाटकाच्या घाटात आपल्याकडे पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार दिसतो ना, त्याच प्रजातिसमूहातला हा. पायलिएटेड बसलेला असेल तर पाठ पूर्ण काळी, आणि पांढरा रंग पंखाच्या खालच्या अंगाला, पुढच्या बाजूनं. पुस्तकात हा फरक शेंबड्या पोरालाही कळेल इतका ठळक आहे. झाडांच्या आडून, अर्ध्या सेकंदात, डोळ्यांवर ऊन येत असताना तो तितका ठळक राहत नाही.

शेवटची सर्वमान्य नोंद १९४४ च्या एप्रिलमधली. डॉन एकलबेरी नावाच्या चित्रकारानं त्याच सिंगर ट्रॅक्टमध्ये, तोडून उजाड केलेल्या जंगलाच्या कडेला, एकटीच राहिलेली एक मादी पाहिली आणि तिची रेखाटनं केली. त्यानंतर ऐंशी वर्षांत पाहिल्याचे दावे ढिगानं झाले. वादातीत म्हणावा असा फोटो एकही नाही.

आता संशयितांची यादी. ब्लू जे नावाचा निळा, नकलाकार पक्षी केंटसारखा आवाज काढतो. झाडाच्या खोडावर उलटासुलटा फिरणारा पांढऱ्या छातीचा नटहॅच तर बारीक आवाजात दिवसभर तेच बोलत असतो. वाऱ्यात एक फांदी दुसरीवर घासली की कधीकधी इतका हुबेहूब केंट निघतो की अंगावर काटा येतो, आणि मग तो दर झुळकीला येऊ लागतो. दुसरी खूण म्हणजे जोडठोका. या पक्ष्याच्या गोतावळ्यातले मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले सुतार खोडावर दोन झटपट ठोके मारतात, दुसरा सहसा पहिल्यापेक्षा हलका. आयव्हरी-बिलही मारायचा, असं जुन्या निरीक्षकांनी लिहून ठेवलंय. पण त्याच्या जोडठोक्याचं निर्विवाद मुद्रण कुणाकडेच नाही. म्हणजे नातेवाइकांच्या आवाजावरून आम्ही याला ओळखायचं!

जोडठोक्याचा इतिहास वाचला की उत्साह आपोआप आवरला जातो. १९९९ च्या एप्रिलमध्ये पर्ल नदीच्या जंगलात टर्कीच्या शिकारीला गेलेल्या डेव्हिड कुलिव्हन या वनशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आयव्हरी-बिलची जोडी पाहिल्याचं सांगितलं. त्याचं वर्णन इतकं नेमकं होतं की २००२ च्या हिवाळ्यात तिथे महिनाभराची मोठी मोहीम निघाली. झाडांवर स्वयंचलित ध्वनिमुद्रक लावले. शोधपथकानं स्वतःच्या कानांनी जोडठोके ऐकले होते, मुद्रकांतही ते सापडले. विश्लेषण झालं तेव्हा निघाले ते लांबवरचे बंदुकीचे बार. आमच्या गटात हा प्रसंग प्रत्येक नव्या माणसाला ऐकवला जातो, आणि ऐकवायलाच हवा.

माझं पहिलं काम घरी बसूनच होतं. जंगलातून आलेल्या हजारो तासांच्या मुद्रणातून संगणक संशयास्पद तुकडे वेगळे काढतो, ते माणसानं ऐकायचे. प्रत्येक तुकड्याबरोबर आवाजाचा आलेख असतो. केंट असेल तर आडव्या रेषांची एकावर एक शिडी दिसते. बार असेल तर एक उभी भिंत आणि तिच्यामागे ओसरत जाणारा धुरळा. तुकड्यावर शिक्का मारायचा: ब्लू जे, नटहॅच, फांदी, बार, बदक, पायलिएटेड, अज्ञात. जेवणानंतर तासभर हे करायचं म्हणजे झोपेला निमंत्रण. पण काही दिवसांनी एक गंमत झाली. ऑफिसात शेजारचा दरवाजा कुरकुरला की मी मनातल्या मनात त्यावर शिक्का मारू लागले.

जंगलात मला नेलं ते एका सत्तरीच्या गृहस्थांनी. आयुष्य लाकूडतोडीत आणि बदकांच्या शिकारीत गेलेला माणूस. ते मला ‘मॅम’ म्हणतात, मी तोंडावर त्यांना ‘सर’ म्हणते, मनात मात्र ते केव्हाच आबा झालेत. आबांना पक्षी जिवंत आहे की नाही यात फारसा रस नाही. त्यांच्या वडिलांनी तो पाहिला होता, त्यांना तेवढं पुरेसं आहे. पोरंटोरं उपकरणं घेऊन चिखलात मरू नयेत म्हणून आपण येतो, असं ते सांगतात.

वनक्षेत्राच्या फाटकाशी एक पेटी असते. तिथे परवान्याचं कार्ड भरून टाकायचं आणि परतताना दुसरा भाग भरायचा. शिकारीचा हंगाम असेल तर अंगात भडक नारिंगी जाकीट. आयुष्यभर पक्षी बघताना मळकट कपडे घालायची सवय लागलेल्या मला ते जाकीट म्हणजे शिक्षा वाटते, पण हरणाच्या शिकाऱ्याची गोळी खाण्यापेक्षा बरं. मांडीपर्यंतचे रबरी बूट. छोट्या होडीतून, इकडे तिला पिरोग म्हणतात, बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या ओढ्याच्या, काळ्या, संथ पाण्यातून पुढे जायचं. सायप्रसची झाडं पाण्यातच उभी, त्यांच्या मुळांचे सुळके पाण्याबाहेर आलेले. पाय ठेवायच्या आधी ओंडक्यावर कॉटनमाउथ साप नाही ना, हे बघायचं. झाडाला हात लावायच्या आधी पॉयझन आयव्हीची वेल नाही ना, हे बघायचं. हिवाळ्यात तिला पानं नसतात, केसाळ दोरखंडासारखं खोड तेवढं दिसतं, आणि खाज तरीही सुटते.

ध्वनिमुद्रक काड्यापेटीहून थोडा मोठा. ऑडिओमॉथ नावाचं हे उपकरण तीन पेन्सिल सेलवर चालतं, आत बोटाच्या पेराएवढं मेमरी कार्ड. खरी मेहनत जागा निवडण्याची. या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडाला नदीचं पाणी शिरतं. किती चढेल ते खोडांवरच्या जुन्या चिखलाच्या रेषेवरून कळतं. आबा ती रेषा बघतात, वर दोन हात मोजतात आणि म्हणतात, “इथे.” मला तेवढ्या उंचीवर हात पोचत नाही म्हणून ते पट्टा बांधतात, मी वेळापत्रक लावते आणि जीपीएसची नोंद घेते. पहाटेपासून चार-पाच तास आणि मावळतीच्या आधी दोन तास, एवढंच मुद्रण. नाहीतर सेल टिकत नाहीत, आणि ऐकणारी माणसंही टिकत नाहीत.

आवाजापेक्षा मला जास्त पकडलं ते झाडांनी. आयव्हरी-बिलचं मुख्य खाणं म्हणजे नुकत्याच मेलेल्या किंवा मरू घातलेल्या झाडांच्या सालीखाली वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या जाडजूड अळ्या. जेम्स टॅनर या कॉर्नेलच्या विद्यार्थ्यानं १९३७ ते १९३९ अशी तीन वर्षं याच पक्ष्याचा अभ्यास केला. आज आपल्याला या पक्ष्याबद्दल जे माहीत आहे, त्यातलं बहुतेक त्याच्यामुळे. त्याचं निरीक्षण असं, की झाड मेल्यावर दोन-तीन वर्षं, साल अजून घट्ट असते तेव्हा, हा पक्षी ती चोचीनं सरळ उचकटून काढतो. नंतर साल सैल पडली की ती कुणीही काढतं. पायलिएटेड बहुतेक वेळा लाकडात खोल चौकोनी खड्डे खणतो, मुंग्यांसाठी. त्यामुळे आमच्या फॉर्मवर एक रकाना होता: घट्ट साल, मोठे तुकडे, आतल्या लाकडाला जखम नाही. हे तिन्ही जुळलं की झाडाला वरचा दर्जा.

संशयित इथेही आहेतच. खारी साल सोलतात. बुंध्याशी रानडुकरं अंग घासतात, बीव्हर कुरतडतो, वीज पडली की साल पट्ट्यापट्ट्यानं उडते. म्हणून झाडाखाली गुडघे टेकून पडलेले तुकडे तपासायचे. तुकडा किती मोठा, किती जाड, कडेला चोचीची खूण आहे का, दाताची आहे का. तुकड्यांवर फुटपट्टी ठेवून फोटो काढताना मला कितीदा तरी वाटलंय की मी पोलिसात जायला हवं होतं.

मधे एकदा मी सिंगर ट्रॅक्ट पाहायला टेन्सास नदीकाठी गेले. शिलाई मशीन बनवणाऱ्या सिंगर कंपनीच्या मालकीचं हे जंगल, सुमारे ८० हजार एकर. मशीनच्या पेट्यांसाठी ओकचं लाकूड लागेल म्हणून घेऊन ठेवलेलं. नाशकात आजीच्या माजघरात पायानं चालवायचं सिंगर होतं, त्याच्या टेबलाच्या लाकडाचा असा विचार मी कधी केला नव्हता. टॅनरच्या अंदाजानं १९३९ च्या सुमाराला सगळ्या देशात २२ ते २४ पक्षी उरले होते आणि त्यांतले काही इथे. लाकूडतोडीचे हक्क शिकागो मिल अँड लंबर कंपनीला विकले गेले होते. ऑडुबॉन सोसायटी या पक्षीसंरक्षण संस्थेनं विनवण्या केल्या, चार राज्यांच्या गव्हर्नरांनी पत्र दिलं, काही उपयोग झाला नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं, मजूर कमी पडले तेव्हा जर्मन युद्धकैद्यांकडून तोड करून घेतली. १९८० मध्ये तिथे राष्ट्रीय वन्यजीव आश्रय झाला. जंगल परत वाढलंय, काळी अस्वलंही आहेत. पण तो फलक वाचताना मला राग आला तो तोडणाऱ्यांचा नाही. पक्षी कुठे आहे, काय खातो, किती उरलाय, हे सगळं कागदावर तयार असताना ही तोड झाली, याचा आला. पुरावा नव्हता म्हणून पक्षी गेला, असं इथे म्हणताच येत नाही.

पुराव्याचा हाच तिढा आधी एकदा बंदुकीनं सुटला होता. १९३२ मध्ये मेसन स्पेन्सर या वकील-आमदारानं सांगितलं की आयव्हरी-बिल टेन्सासकाठी आहे. राजधानीत कुणाचा विश्वास बसेना. त्यानं परवाना काढला, एक नर मारला आणि आणून दाखवला. मग सगळ्यांचा बसला.

आज ते करता येत नाही, त्यामुळे व्हिडिओवर येऊन सगळं थांबतं. २००४ च्या फेब्रुवारीत आर्कान्सातल्या बायू डी व्ह्यूमध्ये जीन स्पार्लिंगला होडीतून जाताना एक पक्षी दिसला, त्यानंतर टिम गॅलघर आणि बॉबी हॅरिसन यांनाही दिसला. २५ एप्रिलला डेव्हिड लूनोच्या होडीवर लावलेल्या कॅमेऱ्यात जेमतेम चार सेकंदांचं धूसर चित्रण आलं: ट्युपेलोच्या खोडामागून उडून दूर जाणारा एक काळा-पांढरा पक्षी. पुढच्या वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात हा आयव्हरी-बिलच, असं सांगणारा कॉर्नेलच्या संशोधकांचा निबंध आला, वॉशिंग्टनमध्ये घोषणा झाली, जवळच्या ब्रिंक्ली गावात सुतार पक्ष्याच्या तुऱ्यासारखे केस रंगवून मिळू लागले. २००६ मध्ये पक्ष्यांची ओळख-पुस्तकं लिहिणारे डेव्हिड सिब्ली आणि इतरांनी त्याच नियतकालिकात तेच चित्रण घेऊन दाखवलं की पंखाच्या वरच्या अंगाचा वाटणारा पांढरा रंग उडत्या पायलिएटेडच्या खालच्या अंगाचा असू शकतो. मी ते चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलंय. जे वाचून बसाल, तेच दिसतं. सकाळी सिब्लींचं पटतं, संध्याकाळी कॉर्नेलचं.

त्यानंतर मोठ्या मोहिमा झाल्या आणि थंडावल्या. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेनं २३ जीवजाती नामशेष घोषित करण्याचा प्रस्ताव मांडला, त्यात हाही होता. २०२३ च्या मे महिन्यात स्टीव्हन लॅटा आणि सहकाऱ्यांनी लुईझियानातल्या अनेक वर्षांच्या शोधावर निबंध छापला, त्यात ड्रोन आणि कॅमेऱ्यांची चित्रं होती. ऑक्टोबरमध्ये २१ जातींवर शिक्का बसला, आयव्हरी-बिलचा निर्णय लांबणीवर पडला. सरकारदरबारी तो अजून संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. नाशिकचा माझा भाऊ म्हणतो, तुमचा पक्षी आमच्या सातबाऱ्यावरच्या पणजोबांसारखा आहे, नाव कमी व्हायचं राहिलंय.

हा भाऊ आणि त्याचे पक्षीवाले मित्र मला नेहमी रानपिंगळ्याचा दाखला देतात. मराठी माणसाला तो आठवणारच. १८८४ नंतर जगाला न दिसलेलं ते छोटं घुबड १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना आपल्या शहाद्याजवळ दिवसाढवळ्या झाडावर बसलेलं सापडलं. ११३ वर्षांनी सापडतं, मग तुझा का नाही? मला हा दाखला पटत नाही. रानपिंगळा हरवला होता कारण मधल्या काळात नीट जागी फारसं कुणी शोधलंच नव्हतं. भर म्हणून कर्नल माइनर्टझहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकानं १९१४ सालचा म्हणून एक नमुना आपल्या नावावर दाखवला होता. रासमुसेनबाईंनी तो चोरलेला, चिठ्ठी बदललेला नमुना आहे हे उघडकीला आणलं, त्याची जागा हिशेबातून काढली आणि खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागांवर लक्ष दिलं. आमच्याकडे उलट आहे. हजारो डोळे, कॅमेरे, ड्रोन लागून झालेत. रानपिंगळ्याच्या गोष्टीतलं मला उपयोगाचं वाटतं ते एवढंच, की खोटा पुरावा आधी बाजूला काढला म्हणून खरा पक्षी सापडला.

आणि आता त्या झाडाबद्दल, ज्यावरून गटात अजून धुसफूस चालू आहे.

जंगलाच्या एका उंचवट्यावर आबांना हिकरीचं एक झाड दिसलं. शेंडा वादळात मोडलेला, वरच्या फांद्या वाळलेल्या, बुंध्याकडे जीव शिल्लक. साधारण तीस फुटांवर साल मोठ्या पट्ट्यांत गेली होती. हिकरीची साल कशी असते हे ज्यानं कुऱ्हाडीनं काढून पाहिलीय त्यालाच कळेल. मी चाकूनं खालचा तुकडा सोडवायचा प्रयत्न केला, जमला नाही. खाली पडलेले तुकडे तळहाताहून मोठे, कडेला चोचीच्या रुंद खुणा. लाकडाला इजा नाही. फॉर्मवरचे तिन्ही निकष जुळत होते. गटात आनंदीआनंद झाला. मीही त्या रात्री उशिरापर्यंत फोटो पुन्हापुन्हा मोठे करून पाहत बसले होते.

समोरच्या झाडावर कॅमेरा लावला. जंगलात वापरतात तो कॅमेरा हालचाल आणि उष्णता टिपून चालू होतो, पण तीस फूट उंचीवरच्या पक्ष्याला तो बरेचदा दाद देत नाही. म्हणून ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो घ्यायला लावला. त्याची किंमत म्हणजे ढीगभर फोटो. कार्ड आणायला जायचं, नवीन सेल घालायचे, घरी येऊन झाडाचे फोटो बघायचे. झाड. झाड. धुक्यात झाड. पावसात झाड. खार. झाड. लाल डोक्याचा वुडपेकर एकदा खोडावर येऊन गेला. त्याच्याही पंखांची मागची बाजू पांढरी असते, त्यामुळे पहिल्या फोटोला काळजात धस्स झालं आणि दुसऱ्यात त्याचं अख्खं लाल डोकं आलं.

मार्चच्या आतबाहेर एका सकाळच्या फोटोंमध्ये मोठा काळा सुतार त्या पट्ट्याच्या कडेला होता. सलग कितीतरी चौकटींत. एका फोटोत चोच सालीखाली, पुढच्यात सालीचा तुकडा हवेत. पाठ काळी. स्वच्छ, पूर्ण काळी, ऊन पडलेली. पायलिएटेड. तो घट्ट साल सोलत होता, मोठ्या तुकड्यांत, लाकडाला इजा न करता.

मी ते फोटो गटाला पाठवले. पहिलं उत्तर आलं, की तो आयव्हरी-बिलनं आधी सोललेल्या भागाची कड पुढे वाढवतोय, सुरुवात त्यानं केली असं नाही. शक्य आहे. दुसऱ्यानं लिहिलं, की एका झाडावरून निकष बदलायचा नसतो. हेही खरं. पण झूमवरच्या बैठकीत मी विचारलं, की हाच कॅमेरा पाठ पांढरी असलेला पक्षी घेऊन आला असता तर ‘एकच झाड’ कुणी म्हटलं असतं का? यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग टॅनरचा एक आकडा मी वाचून दाखवला. सिंगर ट्रॅक्टमध्ये, पक्षी नक्की असतानाच्या काळात, सहा चौरस मैलांत आयव्हरी-बिलची जास्तीत जास्त एक जोडी असायची आणि तेवढ्याच जागेत पायलिएटेडच्या ३६. म्हणजे भरभराटीच्या काळातसुद्धा एखाद्या खुणेमागे पायलिएटेड असण्याची शक्यता कितीतरी मोठी. आज ती किती असेल, हे सांगायला गणित लागत नाही.

गटातल्या एका बाईंनी मला नंतर फोन करून सौम्य शब्दांत समज दिली. आपण विरोधकांच्या हातात कोलीत देतोय असं त्यांचं म्हणणं. या क्षेत्रात ‘मानणारे’ आणि ‘न मानणारे’ अशा दोन पंगती पडल्यात, आणि मला दोन्हीत पान मांडून बसायचं नाही. पक्षी आहे असं मी पैज लावून सांगणार नाही. तो नाही, असंही सांगणार नाही. एवढ्या पसरलेल्या पाण्यात आणि झाडीत पाच-दहा पक्षी असले तर ते आमच्या कॅमेऱ्यांच्या वाट्याला न येणं मी स्वतः पाहिलेल्या जंगलावरून मला अशक्य वाटत नाही. पण पायलिएटेड जे करू शकतो ते आयव्हरी-बिलच्या नावावर मांडायला मी तयार नाही.

आबांना फोटो दाखवले तेव्हा ते चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत होते. म्हणाले, “हे असं सोलतात ते. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं, मॅम. तुम्ही विचारलंत ते फक्त त्या दुसऱ्याबद्दल.”

त्यानंतर फॉर्म बदलला. भांडून का होईना, बदलला. सालीच्या रकान्यापुढे आता ‘पायलिएटेड असू शकेल का?’ असा प्रश्न आहे आणि उत्तर ‘नाही’ असेल तर का, ते वाक्यात लिहावं लागतं. वरच्या दर्जाची निम्म्याहून जास्त झाडं खालच्या दर्जात गेली. राहिलेल्यांपैकी एक ओक आहे, बायूच्या पलीकडे, जिथे पिरोगशिवाय जाता येत नाही. त्यावर साल जवळजवळ चाळीस फुटांवर गेलीय आणि खाली पडलेले तुकडे पाण्यात वाहून गेलेत. पानगळ झाली की हिकरीवरचा कॅमेरा तिकडे हलवायचा आहे. लिथियमचे सेल मागवलेत, त्यांचे पैसे अजून गटाकडून यायचेत.